गावच्या सांडपाण्यासाठी कोणता प्रकल्प? आपल्या मराठवाड्यात नेमकं काय टिकतं?

ढाळज (लातूर जिल्हा)
मंडळी नमस्कार. आमचं गाव मांजरेच्या खोऱ्यातलं, वस्ती चार हजारांच्या आसपास. जलजीवनची नळयोजना झाली, घरोघरी पाणी आलं आणि गटारं बारमाही वाहायला लागली. सगळं पाणी ओढ्यात, ओढा पाझर तलावात, आणि तलावाच्या खालच्या अंगाला गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर. तलावावर आता जलपर्णी आली आहे आणि वारं फिरलं की मारुतीच्या पारापर्यंत वास येतो.

येत्या ग्रामसभेत सांडपाणी प्रकल्पाचा विषय आहे. गावात तीन मतं आहेत. एका ठेकेदारानं एमबीबीआरचा तयार प्लँट सुचवलाय: टाक्या, ब्लोअर आणि आत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या चकत्या. दोन गुंठ्यांत बसतो म्हणे. जुनी मंडळी म्हणतात गायरानात तळी काढा, कर्दळ लावा. पोरांचं म्हणणं घरोघरी शोषखड्डे घ्या.

२०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या जिल्ह्यात वापरलेलं पाणी असं कुजत सोडून देणं मला पटत नाही. ज्यांनी असे प्रकल्प चालवलेत किंवा बंद पडताना बघितलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. माहितीपत्रकं माझ्याकडं भरपूर आहेत, अनुभव हवेत.

पाटाचं_पाणी (हिंगोली)
शोषखड्डे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातलं टेंभुर्णी बघून या. घरोघरी खड्डे घेतले, गटारं गेली, डास गेले. वीज नाही, ठेकेदार नाही. मोठा प्रकल्प कशाला पाहिजे?

मुरुमखडक (परभणी)
टेंभुर्णीचं काम चांगलंच आहे, पण ते जसंच्या तसं उचलण्याआधी जमीन बघा. मी भूजलाच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आपल्याकडं खाली बेसाल्टचे थर आहेत. वर मुरूम असेल तर खड्डा पाणी पितो. काळी चिकण माती खोल असेल तर ती पावसाळ्यात फुगते, भेगा मिटतात आणि खड्डा भरून वर येतो. आणि मुरमाखाली भेगाळलेला खडक लागला तर पाणी गाळलं न जाता भेगेतून थेट विहिरीत जातं. न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी असेल तर घरटी एक खड्डा ठीक. पण आपल्या गावांत संडासाच्या टाकीचा ओव्हरफ्लोही त्याच गटारात सोडलेला असतो. ते पाणी खड्ड्यात गेलं की अमोनियाचं नायट्रेट होतं आणि नायट्रेट मातीत अडकत नाही, पाण्याबरोबर खाली उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. एकदा विहिरीत चढलं की उकळून किंवा तुरटीनं जात नाही.

ढाळजदादा, दोन गोष्टी सांगा. गटारात संडासाचं पाणी येतं का? आणि विहिरीच्या वरच्या अंगाला किती घरं आहेत?

ढाळज
निम्म्याहून जास्त घरांच्या टाक्यांचा पाइप गटारात आहे. विहिरीच्या वरच्या अंगाला अख्खी वरची आळी.

मुरुमखडक
मग वरच्या आळीत शोषखड्डे नकोत. खालच्या आळीत फक्त न्हाणीच्या पाण्यासाठी जरूर घ्या. बाकीचं पाणी गावाबाहेर नेऊनच प्रक्रिया करावी लागेल.

ब्लोअरवाला (छ. संभाजीनगर)
एमबीबीआरबद्दल मी लिहितो. आधी वाळूजला कारखान्यात होतो, आता शहरातल्या एका मोठ्या सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लँट, चालवतो. आमचा प्लँट ॲक्टिव्हेटेड स्लजचा आहे, एमबीबीआर नाही, पण दोन्हींचं दुखणं सारखंच. एमबीबीआरमध्ये जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर थर धरून राहतात, आमच्याकडं ते पाण्यात मोकळे तरंगतात. दोघांनाही हवा लागते, आणि हवा म्हणजे वीज. प्लँटच्या एकूण विजेतली निम्म्याहून जास्त एकटा ब्लोअर खातो.

आमच्या सोसायटीत बिल वाढलं म्हणून रात्री ब्लोअर बंद ठेवायचं ठरलं. दोन-चार तास हवा नसली तर जिवाणू तग धरतात. रोज रात्रभर बंद ठेवलं की मात्र टाकी सडायला लागते. पाणी आधी राखाडी, मग काळं, आणि सकाळी चालू केल्यावर जो वास सुटतो त्यानं तिसऱ्या मजल्यापर्यंत खिडक्या बंद होतात. मग लोक म्हणतात, प्लँटच बंद करा, वास येतो.

आमचं रोजचं काम सांगतो, कारण प्लँट जिवंत आहे की नाही हे याच्यावरच कळतं. लिटरभराचं मोजपात्र घ्यायचं, वातन टाकीतलं, म्हणजे जिथं हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. पहिल्या काही मिनिटांत तपकिरी कण एकमेकांना चिकटतात, गुठळी धरतात. मग अख्खा थर हळूहळू खाली सरकतो, वर निवळ पाणी सुटतं आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसते. अर्ध्या तासानं गाळ अडीचशे-तीनशेच्या खुणेवर आला की जीव भांड्यात पडतो. सातशेच्या वरच लोंबकळत राहिला तर तंतुमय जिवाणू माजलेत असं समजायचं. आणि बसलेला गाळ थोड्या वेळानं बुडबुडे घेऊन पुन्हा वर आला तर नायट्रेटचा नायट्रोजन वायू होतोय. म्हणजे निवळण टाकीत गाळ फार वेळ पडून राहतोय, पंप लवकर चालवायला पाहिजे.

हे बघायला माणूस लागतो. रोज. गावात तो कोण असेल आणि त्याचा पगार कुठून निघेल, हे ठेकेदाराला पहिलं विचारा. तो एक वर्ष चालवून देईल, पुढं?

पाटाचं_पाणी
ब्लोअरवाले दादा, एसटीपीत गूळ टाकतात हे खरं का? आमच्या पाहुण्यांच्या सोसायटीत बघितलं, पोतं उघडून ढेपा टाकत होते. मला वाटलं प्रसाद आहे.

ब्लोअरवाला
खरं आहे. सुरुवातीला शेणकाला आणि दुसऱ्या चालू प्लँटचा गाळ टाकतात, आणि इमारतीत लोक कमी असतील तर जिवाणू उपाशी राहू नयेत म्हणून गूळ. निम्मे फ्लॅट रिकामे असलेल्या नव्या इमारतीत हे करावंच लागतं.

प्रयोगशाळेतली (नांदेड)
गाळाचं विरजण लावायचं, इतकं साधं तत्त्व आहे. १९१४ मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी हेच दाखवलं: हवा दिलेल्या सांडपाण्यातला बसलेला गाळ फेकून न देता पुढच्या पाण्यात मिसळला की शुद्धीकरणाला लागणारा वेळ आठवड्यांवरून तासांवर येतो. आजच्या बहुतेक मोठ्या प्लँटचा पाया तोच.

मी पाण्याचे नमुने तपासते. जैविक प्रक्रियेनं काय जातं आणि काय उरतं, हे गावानं आधी समजून घ्यावं असं फार वाटतं. बीओडी म्हणजे जिवाणूंना सेंद्रिय घाण खायला जितका ऑक्सिजन लागतो तो. आपल्याकडं ही चाचणी २७ अंशांवर तीन दिवस ठेवून करतात. कच्च्या सांडपाण्यात तो साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असतो. चांगला चाललेला प्लँट तो दहा-वीसवर आणतो. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत महानगरांसाठी २० आणि इतर ठिकाणी ३० अशी मर्यादा आहे, आणि २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं १० पर्यंत जायला सांगितलं.

पण निवळ दिसणारं पाणी निर्जंतुक असतंच असं नाही. बीओडी १५ असलेल्या नमुन्यातही विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू लाखांत निघू शकतात. नायट्रोजन आणि फॉस्फरस तर साध्या प्लँटमधून बऱ्यापैकी तसेच पुढं जातात. तुमच्या तलावावरची जलपर्णी त्यांच्यावरच वाढते. गोदावरीत नांदेडपाशी आम्ही दरवर्षी तेच बघतो. नदी हिरवीगार दिसते, आणि त्या हिरव्याखाली रात्री ऑक्सिजन संपून मासे मरतात.

आणि आपल्या उन्हाळ्याचा मुद्दा. उष्णतेनं जिवाणू जोरात काम करतात, हे आपल्या बाजूनं आहे. पण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो: २० अंशाला लिटरमागं सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० ला ७.५, ४० ला ६.४. म्हणजे मे महिन्यात जिवाणूंची भूक वाढते आणि त्याच वेळी हवा देणं अवघड होतं. ब्लोअर जास्त चालवावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच भारनियमन.

काळीमाती (बीड)
सगळे शिकलेले लोक लिहायलेत, मी वड्याच्या खालच्या अंगाचा शेतकरी लिहितो. आमच्या इथं तालुक्याच्या गावचं पानी वड्याला यायलंय म्हून उन्हाळ्यात दोन एकर कडवळ उभं ऱ्हातंय. २०१५ ला बी, २०१६ ला बी माझी जनावरं छावणीला गेली न्हाईत ती ह्याच पान्यामुळं. बोअर सगळे कोरडे होते. तवा तुम्ही प्रक्रिया करा, पर पानी दुसरीकडं वळवू नका. वरच्या गावानं प्रकल्प केला आन् ते पानी नेऊन बागंला घातलं तर खालचे आमी काय करायचं? ह्याचा इचार ग्रामसभेत कोन करतंय का?

अजून एक. पानी सोडताना पायाला खाज सुटती, बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात. डाक्टर म्हन्ले गमबूट घाला. चिखलात गमबूट घालून दारं धरून बघा मग कळंल.

प्रयोगशाळेतली
काळीमाती दादा, तुमचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. प्रकल्प झाला तर पाणी तुमच्यापर्यंत आलंच पाहिजे, फक्त रोग वजा होऊन. पायाची खाज आणि चिरा त्याच पाण्यामुळं असू शकतात, आणि अनवाणी पायानं अंकुशकृमीही शरीरात शिरतात. घरातल्या सगळ्यांना जंताचं औषध डॉक्टरांना विचारून वेळच्या वेळी घ्या. आणि एक कळकळीची विनंती, कच्च्या पाण्यावर कोथिंबीर, मेथी, मुळा, काकडी असं कच्चं खाल्लं जाणारं काही लावू नका. कडवळ, मका, गजराज गवत चालेल, पण पाणी दिल्यावर काही दिवस थांबून कापा.

काळीमाती
भाजी न्हाई लावत ताई. शेजारी लावतेत आन् आठवडी बाजारात इकतेत, ते बी खरंय.

मुरुमखडक
यात क्षारांचा मुद्दा राहिला. जैविक प्रक्रिया कोणतीही असो, ती मीठ काढत नाही. बोअरचं पाणी मुळात जड, त्यात धुण्याच्या पावडरीतला सोडियम. ते सगळं प्लँटमधून जसंच्या तसं बाहेर येतं. काळ्या जमिनीत सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, जमीन घट्ट बसते, पाणी मुरत नाही आणि वाळली की वर पांढरं फुटतं. त्यामुळं बीओडीच्या अहवालाबरोबर ईसी, म्हणजे विद्युतवाहकतेवरून काढलेलं क्षारांचं माप, आणि सोडियमचं प्रमाण बघायलाच हवं. ईसी तीनच्या (डेसिसीमेन्स प्रति मीटर) वर गेली तर ते पाणी बऱ्याच पिकांना जाचतं, क्षार सोसणारी पिकंच तग धरतात. दरवर्षी माती तपासा, पावसाळ्यात शेतातून पाणी निचरून जाऊ द्या, गरजेप्रमाणे जिप्सम घाला. परभणीच्या कृषी विद्यापीठात माती आणि पाणी दोन्ही तपासून मिळतं.

मुळामुठा (मूळ गाव धाराशिव जिल्हा, सध्या पुणे)
मला तळ्यांची कल्पना पटत नाही. डास, वास, आणि एवढी जागा. आमच्या पुण्याच्या सोसायटीत एमबीबीआर आहे, तळघरात आहे, कुणाला कळतही नाही. गावानं नेहमी जुनंच का घ्यायचं? गावातल्या लोकांनाही चांगलं तंत्रज्ञान मिळायला हवं.

ब्लोअरवाला
मुळामुठा दादा, तुमची भावना मान्य. पण तुमच्या सोसायटीत जनरेटर आहे, पगारी ऑपरेटर आहे, दरमहा मेंटेनन्स जमा होतो. ढाळजदादांच्या गावाचा हिशोब करून बघू. जलजीवनप्रमाणे माणशी ५५ लिटर पाणी, त्यातलं ऐंशी टक्के सांडपाणी धरलं तर ४४ लिटर. चार हजार लोकांचं १ लाख ७६ हजार लिटर, म्हणजे दिवसाला १७६ घनमीटर. मोठ्या शहरी प्लँटला घनमीटरमागं अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, छोट्या प्लँटला एक युनिट किंवा त्याहून जास्त. एकच धरा. युनिट आठ रुपयांनी महिन्याचं बिल बेचाळीस हजार. त्यात ऑपरेटर, क्लोरीन, ब्लोअरचे पट्टे, पंपाची दुरुस्ती वेगळी. ग्रामपंचायतीचं पथदिव्यांचं बिल थकलेलं असतं तिथं हे कोण भरणार?

ढाळज
आमच्या गावचं पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं बिलही थकलेलं आहे. पैशाबद्दल ग्रामसेवक म्हणाले की स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये मिळतात. म्हणजे ११ लाख २० हजार. ठेकेदाराचा आकडा याच्या कितीतरी वर आहे.

निवृत्त_उपअभियंता (जालना)
धागा वाचतोय. आता थोडं आकड्यांत बोलतो.

१७६ घनमीटर पाणी, बीओडी २०० धरला तर रोजचा सेंद्रिय भार ३५ किलो. आपल्या हवामानात हिवाळ्यातही तळ्याचं पाणी फार गार होत नाही, त्यामुळं ऐच्छिक तळ्याला, म्हणजे वर शेवाळाचा ऑक्सिजन आणि तळाशी ऑक्सिजनाशिवाय कुजणं असं दोन्ही चालणाऱ्या तळ्याला, हेक्टरी अडीचशे किलो भार चालतो. त्या हिशोबानं चौदा गुंठे, खोली दीड मीटर, पाणी बारा दिवस राहतं. पुढं मीटरभर खोलीची दोन परिपक्वता तळी, प्रत्येकी पाच दिवसांची. त्या उथळ तळ्यांत ऊन थेट तळापर्यंत जातं आणि रोगजंतू मरतात. जंतांची अंडी तळाशी बसतात. बांध धरून एकूण एक ते सव्वा एकर. वीज शून्य.

नुसत्या कर्दळीच्या वाफ्यावर सगळं पाणी घ्यायचं म्हटलं तर माणशी दीड चौरस मीटर, म्हणजे सहा हजार चौरस मीटर. दीड एकर. साठ सेंटिमीटर जाडीची खडी धरली तर ३,६०० घनमीटर, जवळपास १,२७० ब्रास. खडीचा आजचा भाव तुम्हाला माहीतच आहे, अख्खं अनुदान खाणीत जाईल. त्यापेक्षा तळ्यांच्या शेवटी छोटा वाफा करा. तळ्यातून हिरवं शेवाळ वाहत येतं, ते खडीत आणि मुळांत अडकतं. पाणकणीस किंवा नळही चालतो.

तळ्याचा खरा तोटा कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो: बाष्पीभवन. मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला दहा मिलिमीटरच्या आसपास पाणी उडतं. एक एकर तळ्यावरून रोज चाळीस घनमीटर. येणाऱ्या पाण्याचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि उरलेल्या पाण्यात क्षार त्याच प्रमाणात घट्ट होतात. मुरुमखडक साहेबांच्या मुद्द्याला हे जोडून घ्या. त्यामुळं तळी गरजेपेक्षा मोठी करू नका.

आणि तळाला काळी माती कुटून बसवा किंवा प्लास्टिक अंथरा. शेततळ्याचं काम करणारी माणसं गावोगाव आहेत, हे काम त्यांना येतं. नाहीतर मुरमातून पाणी विहिरीकडंच निघेल.

पाटाचं_पाणी
+१. कर्दळ लावली तर गणपतीला फुलंही गावातच.

मुळामुठा
आकडे पटले. वीज बिलाचा विचार मी केला नव्हता. पण मग शहरांचं काय? तिथं तळी शक्य नाहीत.

सुखनाकाठ (छ. संभाजीनगर)
शहराला यांत्रिक प्लँटशिवाय पर्याय नाही, आणि ते चालवणं परवडतं की नाही हा प्रश्नच तिथं विचारू नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्या शहराचं बघा. पिण्याचं पाणी नाथसागरातून येतं. शहराचं सांडपाणी खाम नदीत जातं आणि खाम जाऊन मिळते नाथसागराच्या फुगवट्याला. जे सोडतो तेच पितो. कांचनवाडीला मोठा प्लँट आहे, पण नाल्यातलं पाणी प्लँटपर्यंत पोचवणाऱ्या मलवाहिन्या नीट नसतील तर प्लँट कितीही मोठा असून उपयोग नाही. नुसती क्षमता सांगून भागत नाही. प्रत्यक्षात रोज किती पाणी आत आलं आणि किती शुद्ध होऊन बाहेर गेलं, हा आकडा वॉर्डावॉर्डांत फलकावर लागला पाहिजे.

आणि शुद्ध केलेलं पाणी ओढ्यात सोडणं हाही अपव्ययच. नागपूर महापालिकेचं प्रक्रिया केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला जातं. इकडं आमचं परळीचं केंद्र २०१३ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. एसटीपीपासून पन्नास किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तेच पाणी वापरावं असं २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात लिहिलेलं आहे. दुष्काळी भागात या तरतुदीचा पाठपुरावा आपल्या लोकप्रतिनिधींनी करायला हवा.

काळीमाती
कारखान्यावाल्यांचं बी लिहा की. आमच्या शिवेला मळीचं पानी सोडायचे, विहिरीचं पानी तांबूसकाळं झालं व्हतं. जनावरं तोंड लावत नव्हती.

माजी_शिफ्ट_केमिस्ट (लातूर)
डिस्टिलरीत काम केलंय, म्हणून लिहितो. अवांतर झालं तर संपादकांनी सांगावं.

मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे उरलेलं मळीचं सांडपाणी, तयार होतो आणि त्याचा बीओडी चाळीस-पन्नास हजारांच्या घरात असतो. घरगुती सांडपाण्याच्या दोनशे पट. त्याच्यावर पहिली प्रक्रिया ऑक्सिजनाशिवायचीच, बंद डायजेस्टरमध्ये. ऐंशी ते नव्वद टक्के बीओडी जातो आणि मिथेन मिळतो, तो बॉयलरला जाळतात. इथंपर्यंत जैविक प्रक्रियेचं काम उत्तम. पण उरलेले दहा टक्के म्हणजेही चार-पाच हजार, आणि तो गडद रंग जिवाणूंना पचत नाही. काळीमाती दादांच्या विहिरीत उतरला तो तोच रंग. म्हणून आता बाष्पीभवन करून घट्ट करणं, जाळणं किंवा प्रेसमडबरोबर (साखर कारखान्यात रस गाळून उरलेल्या चोथ्याबरोबर) कंपोस्ट करणं असे मार्ग घ्यावे लागतात, बाहेर थेंब सोडायचा नाही असा नियम आहे. नियम पाळला जातोय का हे शेजारच्या विहिरी सांगतात. शंका आली की विहिरीचा नमुना सीलबंद काढून प्रदूषण मंडळाकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या.

मिथेनवरून एक आठवलं. तळ्यांना वीज लागत नाही हे खरं, पण पहिल्या तळ्याच्या तळाशी मिथेन तयार होतो आणि हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीस पट तापवतो. यूएएसबी प्रकारच्या, म्हणजे ऑक्सिजनाशिवाय गाळाच्या थरातून पाणी खालून वर नेणाऱ्या, प्लँटमध्ये वायू गोळा करता येतो, तरी घरगुती पाण्यात बराचसा मिथेन विरघळलेलाच बाहेर पडतो. यांत्रिक प्लँटमध्ये मिथेन कमी, पण नायट्रस ऑक्साइड सुटू शकतो, तो तर २७३ पट. आणि वीज कोळशाची.

प्रयोगशाळेतली
शिफ्ट केमिस्ट सरांशी सहमत, फक्त एक जोड. आज ढाळजदादांच्या ओढ्यात आणि पाझर तलावात हेच कुजणं चालू आहे, तिथूनही मिथेन जातोच आहे. तुलना त्याच्याशी करावी. उथळ, शेवाळाचं, मोकळं ऊन लागणारं तळं त्या सडक्या ओढ्यापेक्षा नक्कीच बरं.

आळीतली_ताई (नांदेड जिल्हा)
मी बचत गटात आहे, गावात छोटा कर्दळीचा वाफा आहे, चारशे-पाचशे माणसांच्या पाण्याचा. वाफा चांगला चालतो. बंद पडायला आला होता तो झाडांमुळं नाही, वाफ्याआधीची जाळी आणि गाळाची टाकी साफ न केल्यामुळं. प्लास्टिकच्या पुड्या, केस, डायपर, भाताची शितं. खडी एकदा चोंदली की पाणी वरून वाहायला लागतं आणि मग डास.

पण मला वेगळं बोलायचंय. सगळे लिहिताय की गाळ काढा, जाळी साफ करा. कोण काढणार? आमच्या गावात पहिल्या बैठकीत सरळ एका वस्तीकडं बोट दाखवलं गेलं. मी उभी राहून विरोध केला. २०१३ च्या कायद्यानं माणसाला टाकीत उतरवून मैला काढायला लावणं गुन्हा आहे. आम्ही ठराव करून घेतला: जाळी बाहेरून लांब दांड्याच्या दाताळ्यानं साफ करायची, सगळ्या आळ्यांनी पाळीपाळीनं, हातमोजे आणि बूट ग्रामपंचायतीचे. टाकीचा गाळ व्हॅक्यूम टँकरनंच. पहिल्या पाळीला सरपंच स्वतः उभे राहिले, तेव्हा बाकीचे आले. ढाळजदादा, नकाशाच्या आधी हा ठराव घ्या.

निवृत्त_उपअभियंता
ताईंचा प्रतिसाद मी लिहिलेल्या सगळ्या आकड्यांच्या वर ठेवावा.

ब्लोअरवाला
सहमत. आमच्या लाइनीत टाकीत उतरून माणसं गेलेली आहेत. वरून स्वच्छ दिसणाऱ्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो, आधी वास येतो, मग नाकाला तो जाणवेनासा होतो आणि माणूस कोसळतो. वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. टाकीत कुणीही उतरू नये.

ढाळज
सगळ्यांचे मनापासून आभार. धागा छापून सरपंचांना दिला. ग्रामसभेत मी असं मांडणार आहे: वरच्या आळीतल्या संडासाच्या टाक्या आधी दुरुस्त करायच्या आणि तिथलं पाणी बंद पाइपनं गावाबाहेर आणायचं. खालच्या आळीत मुरूम आहे, तिथं न्हाणीच्या पाण्याचे शोषखड्डे. बाकीचं पाणी गायरानात: जाळी, गाळटाकी, तीन तळी, शेवटी छोटा कर्दळीचा वाफा. सोडलेलं पाणी पुन्हा ओढ्यालाच, म्हणजे खालच्या शेतकऱ्यांचा हक्क राहील. दाताळ्याच्या पाळ्यांचा ठराव पहिला. गायरानाला महसूलची परवानगी लागेल, ती फाइल सुरू केली आहे.

एकच शंका उरली. पावसाळ्यात गटाराला ओढ्यासारखं पाणी येतं, तेव्हा तळी फुटतील का?

निवृत्त_उपअभियंता
आधी गटाराला पावसाचं पाणी येणारे सांधे बंद करा, विशेषतः छपरांच्या पन्हाळी. तरी पाणी येणारच, म्हणून जाळीच्या आधी ओव्हरफ्लोची सांड ठेवा, ठरल्यापेक्षा तिप्पट प्रवाह आला की जादाचं परस्पर ओढ्यात जाईल. तळ्यांच्या बांधाला अर्धा मीटर मोकळा काठ ठेवा आणि बांधावर हरळी लावा. एका तळ्यातून दुसऱ्यात जाणारा पाइप पृष्ठभागाच्या जरा खाली घ्या म्हणजे तरंगतं शेवाळ आणि फेस पुढं जात नाही. येण्याचं आणि जाण्याचं तोंड समोरासमोर ठेवू नका, तिरकं ठेवा, नाहीतर पाणी सरळ रेषेत निघून जातं आणि बारा दिवसांचं तळं दोन दिवसांचं होतं.

मुळामुठा
आणि डासांचं? माझी शंका अजून तीच आहे.

आळीतली_ताई
काठावर गवत पाण्यात लोंबू द्यायचं नाही आणि जलपर्णी दिसली की त्याच दिवशी उपसायची. डासाची अळी काठाच्या सावलीत आणि झाडाच्या मुळांतच वाढते, मोकळ्या हलत्या पाण्यावर फारशी नाही. शेवटच्या दोन तळ्यांत गप्पी मासे सोडा, ते थोड्या घाण पाण्यातही जगतात. पहिल्या तळ्यात सोडू नका, तिथं ऑक्सिजन पुरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, हिवतापवाले देतात. बादली आपली न्यायची आणि झाकण न लावता आणायची.